लेंकोचा आर्म बदलायचाय? आधी तुमच्या तबकड्या बघा, मग टेप काढा, आर्मचं नाव सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पंचवटीतल्या मामांच्या वाड्यातून लेंको एल ७५ हा जुना रेकॉर्ड प्लेअर मिळाला, मोटर फिरते, प्लॅटर म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी छान आहे, पण आर्म म्हणजे सुई धरणारा दांडा लुळा पडलाय, हेडशेल म्हणजे त्याचं सुईकडचं टोक एका बाजूला कलतं आणि उचललं की खडखडतं. एक मित्र म्हणाला हा आर्म काढून टाक आणि जुना एसएमई ३००९ आर्म शोधून त्यावर डेनॉन डीएल १०३ ही कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी, जी आवाजाची वीज करते) लाव, दुसरा म्हणाला ऑनलाइन मिळतो तो कुठलाही नऊ इंची आर्म चालेल, सगळे सारखेच असतात. आणि घरात मामांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, शिवाय शास्त्रीयच्या पन्नासएक एलपी. हे शेवटचं वाक्य तुम्ही जाताजाता लिहिलंय पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, त्यामुळे उत्तर तिथूनच सुरू होणार, फक्त त्याआधी एक गोष्ट.

आर्म बदलायची गरज आहे का हे आधी बघा. एल ७५ चा आर्म लुळा पडणं हा त्या मशीनचा ठरलेला आजार आहे. त्यात वरखाली हालचालीसाठी बॉल बेअरिंग नाहीये, आर्मच्या दोन्ही बाजूंना सुरीसारखी धार आहे आणि ती धार दोन छोट्या व्ही आकाराच्या खाचांच्या ठोकळ्यांवर टेकते, त्यांना व्ही ब्लॉक म्हणतात. मूळ ब्लॉक रबरासारख्या मटेरियलचे होते, पन्नास वर्षांत ते कडक होऊन भुगा होतात, मग धार नुसती लोखंडात लोंबकळते आणि तुम्ही सांगताय अगदी तशी खडखड ऐकू येते. म्हणजे आर्म मेलेला नाहीये, त्याचे गुडघे गेलेत. बॅटरी घेऊन आत बघा, काळपट चुरा दिसला तर हेच आहे. आर्म हळूच वर उचलून ब्लॉक काढता येतात, फक्त नळीतून बाहेर येणाऱ्या त्या चार केसासारख्या वायरींना ताण देऊ नका, त्या तुटल्या तर काम दुप्पट होतं. सोडवायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

नवे ब्लॉक बाहेरून डेलरिनचे (हे एक टणक प्लास्टिक) किंवा ब्रासचे मागवता येतात, पण आपण नाशिकमध्ये आहोत, अंबड आणि सातपूर एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, यापेक्षा शंभरपट अवघड पार्ट रोज निघतात. एखादा ब्लॉक थोडाफार शाबूत असेल तर तो सॅम्पल म्हणून द्या, डेलरिनच्या रॉडच्या तुकड्यातून दोन पीस काढून द्या म्हणावं, दोन पीसचं काम कोणी पटकन घेत नाही हे खरं, पण ओळखीचा मिलिंगवाला असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करून देतो. मी आतापर्यंत अशा तीन लेंकोंचे ब्लॉक बदललेत, तिन्ही आर्म आजही चालू आहेत. खाचेच्या तळाचा कोन साफ आला पाहिजे आणि दोन्ही ब्लॉकची उंची अगदी सारखी, नाहीतर सुई तबकडीवर तिरकी बसते आणि एक चॅनल दबतो.

आता तुमच्या ७८ बद्दल. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा खूप रुंद, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीला ०.७ मिल. एलपीची सुई ७८ वर टाकली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते, नुसती खरखर ऐकू येते, आणि लाखेच्या तबकडीत मिसळलेली दगडाची भुकटी त्या सुईची धार खाऊन टाकते. शिवाय ७८ ला सुईवर वजनही जास्त लागतं, ४ ते ५ ग्रॅम. म्हणजे तुम्हाला असा आर्म हवा ज्यावर आज दीड-दोन ग्रॅम आणि उद्या ५ ग्रॅम लावता येईल, आणि जिथे सुई बदलणं हे दर वेळी ऑपरेशन होणार नाही. हे तुम्ही आधी ठरवलंत की बाजारातले निम्मे आर्म आपोआप यादीतून जातात. रेगाचा आरबी ३०० घ्या, १९८३ चा अप्रतिम आर्म, पण हेडशेल नळीतच ओतलेला, निघत नाही, आणि त्याची स्प्रिंगची डायल ३ ग्रॅमपर्यंतच. ३ ग्रॅमच्या वरचं वजन काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागच्या टोकाचं तोलवजन, सरकवून वजनकाट्यावर जुळवावं लागतं. फक्त एलपी ऐकणाऱ्याला मी तो डोळे मिटून सुचवतो, तुम्हाला नाही.

यातून एक सोपी वाट पण आहे. ऑडिओ टेक्निकाची व्हीएम ९५ सिरीज घेतलीत तर बॉडी एकच, सुया बदलता येतात, एलपीसाठी ९५ ई आणि ७८ साठी ९५ एसपी, ती ३ मिलची आहे आणि ५ ग्रॅमवर चालते. सुई ओढून काढली, दुसरी सरकवली, काउंटरवेट फिरवला, झालं. हेडशेल बदलायचं नाही आणि सुईची खाचेशी जुळवलेली दिशा (अलाइनमेंट) पण जवळजवळ हलत नाही. मग आर्म कुठलाही चालतो, निघणाऱ्या हेडशेलची अट राहत नाही, फक्त ५ ग्रॅमपर्यंत जाता आलं पाहिजे. दर वेळी डिजिटल वजनकाट्यावर मोजा, डायलवर विश्वास ठेवू नका, सराफी काट्यासारखा ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा हल्ली सहज मिळतो.

पण जुन्या लोकांसारखं दोन हेडशेल तयार ठेवायचे असतील, एकात एलपीची कार्ट्रिज आणि एकात ७८ ची मोनो, तर मात्र एसएमई पद्धतीचा फिरवून घट्ट करायचा कॉलरवाला आर्म घ्या. मला स्वतःला हेच आवडतं, कारण ७८ मोनोमध्येच ऐकावी, वरखालीच्या हालचालीतून येणारी खरखर मोनोत बरीच नाहीशी होते. (अर्थात अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर तेवढ्यासाठी वेगळी कार्ट्रिज नको.)

आता वस्तुमान, कारण डेनॉन आणि एसएमईची जोडी का नको हे इथे कळतं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक दोलक बनतो, सुई ज्या लवचिक दांडीवर बसते ती त्याची स्प्रिंग, आणि आर्मचं वजन त्या स्प्रिंगला टांगलेलं. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते, ती ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये यावी. का, तर तबकडी थोडी तरी वाकडी असतेच, तिच्या लाटा ५-६ हर्ट्झच्या खाली असतात, आणि संगीत २० हर्ट्झच्या वर. मधल्या मोकळ्या जागेत आर्मने कंप पावावं म्हणजे तो दोघांच्याही वाटेत येत नाही. खाली घसरला तर प्रत्येक वाकडेपणावर आर्म उड्या मारतो, स्पीकरचा कोन आतबाहेर होताना दिसतो. वर गेला तर अगदी खालचा बास फुगतो, आणि लेंकोसारख्या आयडलर मशीनमध्ये, म्हणजे जिथे मोटर रबरी चाकाने प्लॅटर फिरवते, मोटरची घरघर पण त्यात मिसळते.

गणित साधं आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला हलवताना जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन, तिन्ही ग्रॅममध्ये घेऊन बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सच्या, म्हणजे सुईच्या दांडीच्या लवचिकपणाच्या, आकड्याने गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा, हर्ट्झ मिळतात. गोम एकच, जपानी कंपन्या कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, युरोपच्या बहुतेक १० ला, त्यामुळे जपानी आकड्याला साधारण १.७ ने गुणून घ्यायचं, हा ढोबळ अंदाज आहे पण चालतो.

डेनॉन डीएल १०३ चं वजन ८.५ ग्रॅम, कम्प्लायन्स १०० हर्ट्झला ५, म्हणजे १० हर्ट्झला साडेआठ धरू. एसएमई ३००९ सिरीज टू इम्प्रूव्हडचा फिक्स हेडवाला आर्म फक्त साडेसहा ग्रॅमचा. स्क्रूसकट बेरीज १६, गुणाकार १३६, वर्गमूळ ११.७, उत्तर साडेतेरा हर्ट्झच्या आसपास. आकाश कोसळत नाही, पण डेनॉनची खरी ताकद त्यात येत नाही, ती कडक कार्ट्रिज आहे, हलक्या आर्मला ती ढकलून हलवते. हीच डेनॉन १८ ग्रॅमच्या जड आर्मवर लावली तर १०.४ येतात, तिथे ती खुलते. उलट ऑर्टोफॉन टू एम रेड, वजन ७.२, कम्प्लायन्स १० हर्ट्झला २०, ती १८ ग्रॅमच्या आर्मवर ७ च्या खाली जाते, तिला हलका आर्मच हवा. आणि व्हीएम ९५ ई, वजन ६.१, कम्प्लायन्स १०० हर्ट्झला ७ म्हणजे १२ धरा, १२ ग्रॅमच्या आर्मवर साडेदहा हर्ट्झ. बरोब्बर मध्ये. म्हणून मी मघाशी व्हीएम ९५ म्हटलं, आणि आता आर्म कसा हवा ते पण कळलं, १० ते १४ ग्रॅमचा, मध्यम वजनाचा.

कोणता आर्म चांगला हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो आणि मी दर वेळी उलट विचारतो, कार्ट्रिज कोणती. तो एसएमई वाईट नाहीये, १९६०-७० च्या दशकात हलक्या, खूप लवचिक कार्ट्रिज आल्या तेव्हा त्यांच्यासाठी तो बनला, आणि त्या कार्ट्रिज आता नव्या मिळत नाहीत, शुअर कंपनीने तर २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. म्हणजे आर्म राहिला आणि त्याची जोडीदारीण गेली. त्यात सुरीच्या धारेचं बेअरिंग नायलॉनचं आहे, जुन्या पीसमध्ये ते चिरलेलं असू शकतं. लेंकोचे व्ही ब्लॉक गेले म्हणून आर्म काढायचा आणि तसाच दुसरा आजार विकत घ्यायचा, हे मला पटत नाही.

मोजमापाकडे येतो, इथेच लोक पैसे घालवतात. प्रत्येक आर्मला एक अंतर ठरलेलं असतं, प्लॅटरच्या मधल्या खुंटीच्या केंद्रापासून आर्मच्या फिरण्याच्या केंद्रापर्यंत. एसएमई ३००९ ला २१५.४ मिमी, टेक्निक्स एसएल १२०० च्या आर्मला २१५, रेगाला २२२, जेल्को या जपानी कंपनीच्या ७५० डी ला २१४. ऑनलाइन नऊ इंची लिहिलेले आर्म नुसते नावाला नऊ इंची, प्रत्येकाचं हे अंतर वेगळं, आणि कित्येक विक्रेते ते लिहीतच नाहीत. ज्याच्या जाहिरातीत हे अंतर, ओव्हरहँग (सुई खुंटीच्या पुढे किती जाते ते) आणि इफेक्टिव्ह मास हे तीन आकडे नाहीत तो आर्म घेऊ नका, कितीही चकचकीत असो. तुमच्या दुसऱ्या मित्राला हेच सांगा.

हे अंतर चुकलं तर काय होतं ते मी भोगलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकाच्या गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअरला आर्म बसवताना मी भोकाचं केंद्र खुंटीच्या मध्यापासून न मोजता खुंटीच्या कडेपासून मोजलं, वर पट्टीची सुरुवात पण कापलेली होती, एकूण चार मिमी कमी भरलं. आर्म बसला, दिसायला सुंदर. कार्ट्रिज मागे सरकवत गेलो तर हेडशेलची खाच संपली. सागाचा बोर्ड फेकून दुसरा करावा लागला, आणि तो सागाचा तुकडा त्या माणसाच्या वडिलांनी बांधलेल्या घराच्या चौकटीतला होता, त्याची मला आजही हळहळ वाटते. त्यानंतर मी आधी ६ मिमी अॅल्युमिनियमचा किंवा साध्या एमडीएफचा कच्चा बोर्ड करतो, त्यावर आर्म बसवून आठ दिवस ऐकतो, आणि मगच चांगलं लाकूड कापतो. मोजायला खुंटीवर घट्ट बसणारी एक छोटी बुशिंग लेथवर करून घ्या, तिच्या मध्यावर टोक असलेली, आणि तिथून मोठा कंपास लावा. अर्धा मिमीच्या आत आलात की पुरे.

एकदोन मिमीची चूक मात्र सावरता येते, ती कशी हे माहीत असलेलं बरं. आर्म तबकडीवर गोल फिरतो आणि तबकडी कोरणारा सरळ रेषेत चालतो, त्यामुळे सुई पूर्ण सरळ फक्त दोनच ठिकाणी असते. लॉफग्रेनच्या १९३८ च्या गणितानुसार, ज्याला बरेच जण बेअरवॉल्ड म्हणतात, ती दोन ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर. या दोन आकड्यांचा गुणाकार ७९७९ च्या आसपास, आणि गंमत अशी की सुईपासून आर्मच्या केंद्रापर्यंतच्या लांबीचा वर्ग वजा खुंटी ते आर्मच्या केंद्रापर्यंतच्या अंतराचा वर्ग हा नेमका तेवढाच यायला हवा. म्हणजे अंतर २१५ असेल तर लांबी २३२.८, आणि चुकून २१३ झालं तर लांबी २३१. खाच असलेला हेडशेल असेल तर कार्ट्रिज दोन मिमीपेक्षा जरा कमी मागे घ्यायची, कोनात पाव अंशाचासुद्धा फरक पडत नाही, तबकडीवर काही ऐकू येणार नाही. पण हेडशेलला खाच नसून नुसती दोन भोकं असतील आणि आर्मचा तळही सरकत नसेल तर ही सोय नाही. एसएमईचा तळ रुळांवर मागेपुढे सरकतो, त्याबाबतीत त्या लोकांना दाद द्यावी लागेल, घरी भोक पाडणाऱ्यासाठी तो सगळ्यात क्षमाशील आर्म आहे.

आपल्या रेकॉर्डसाठी मी लॉफग्रेन वापरत नाही. ख्यालाच्या एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं असतात, विलंबित कडेला सुरू होतं आणि द्रुत बंदिश किंवा तराणा येतो तो लेबलच्या अगदी जवळ. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या फिरते, कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि आत ६० मिमी त्रिज्येवर फक्त २१. म्हणजे सगळ्यात वेगवान ताना, सगळ्यात वरचा षड्ज, तबल्याचा सगळ्यात दाट भाग हा सगळ्यात अरुंद जागेत कोरलेला. सुई थोडी जरी तिरकी असेल तर तिथेच आवाज फाटतो, आणि आपण म्हणतो रेकॉर्ड घासलीय. स्टीव्हन्सनने १९६६ मध्ये जे गणित मांडलं त्यात आतला बिंदू ६०.३ मिमीवर आणला, म्हणजे सुई शेवटच्या खाचेजवळ पूर्ण सरळ. मधल्या भागात चूक थोडी वाढते पण तिथे जागा मोकळी असते. जपानी आर्म बरेचदा याच्याच जवळ असतात. ज्यांचा संग्रह शास्त्रीयचा आहे त्यांनी प्रोट्रॅक्टर (सुईची दिशा जुळवायचा छापील नकाशा) छापताना स्टीव्हन्सनचा छापा, आणि छापल्यावर पट्टीने मोजून बघा, प्रिंटरने पानात बसवण्यासाठी आकार कमी केलेला असतो.

उंची. आर्म बसवायच्या पृष्ठभागापासून प्लॅटरवरच्या मॅटपर्यंत किती मिमी आहे ते मोजा आणि आर्म त्या उंचीला येतो का ते विकत घ्यायच्या आधी विचारा. लेंकोचं प्लॅटर सुमारे चार किलोचं, जाड, त्यामुळे मशीनच्या वरच्या पत्र्यापासून मॅट बरीच वर असते. ज्या आर्मला खांब वरखाली करून स्क्रूने आवळायची सोय आहे तो घ्या, रेगासारख्या फिक्स उंचीच्या आर्मखाली चकत्या घालाव्या लागतात. ७८ जाड असतात आणि एलपी पातळ, पण त्या एकदोन मिमीसाठी दर वेळी खांब हलवायची गरज नाही.

मूळ पत्रा कापू नका. एवढंच सांगतो, माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. जुन्या आर्मच्याच भोकात एक अॅडॉप्टर प्लेट बसवता येते का बघा, नसेल तर प्लिंथमध्ये, म्हणजे मशीन बसवायच्या लाकडी पेटीत, वेगळा बोर्ड द्या, म्हणजे उद्या कोणाला लेंको परत मूळ रूपात हवा असेल तर होईल. बारा इंची आर्मचा विचार मनात येत असेल तर तो पत्र्याच्या बाहेर पडतो, एसएमई ३०१२ ला जवळजवळ २९६ मिमी अंतर लागतं, त्यामुळे पत्रा वाचतो हे खरं, आणि सुईचा तिरकेपणाही कमी होतो, पण आर्म जड, प्लिंथ मोठी, आणि मध्यम कार्ट्रिजला त्याचा उपयोग नाही. त्याबद्दल पुढच्या वेळी.

प्लिंथला वाड्याची जुनी तुळई वापरायची तुमची इच्छा समजते, जुना साग हाताला लागला की मलाही मोह होतो. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि मार्च-एप्रिलला सोडतं, अखंड लाकूड रुंदीला हलतं, आणि इथे आपण अर्ध्या मिमीच्या गोष्टी करतोय. आतला ढाचा ७१० मरीन प्लायचे थर चिकटवून करा, त्या तुळईच्या पातळ फळ्या बाहेरून लावा. मामांचा वाडा दिसेल आणि आर्म जागेवर राहील. सुताराला सांगा गुण्या लावून चारी कोपरे तपास, आणि सगळं झाल्यावर प्लॅटरवर स्पिरिट लेव्हल ठेवा, पत्र्यावर नाही.

तर नवीन आर्म घ्यायचाच असेल तर तुमच्यासाठी मी काय शोधेन, टेक्निक्स एसएल १२०० मार्क टू चा सुटा आर्म. सुमारे १२ ग्रॅमचा, बॉल बेअरिंगचा, निघणारा हेडशेल, उंची फिरवून बदलते, आणि सुटे भाग मिळतात कारण ते मशीन १९७९ पासून जगभर डीजे लोकांनी वापरलं. चांगल्या अवस्थेतला जेल्को मिळाला तर तोही उत्तम, पण जेल्कोची कंपनी २०२० मध्ये बंद झाली त्यामुळे भाव चढलेत. युनिपिव्होट, म्हणजे एका टोकावर तोलणारे आर्म, ऐकायला सुरेख असतात पण ७८ आणि एलपीची अदलाबदल करणाऱ्या घरात नकोत, दर वेळी डावीउजवीकडचा तोल बिघडतो. आणि हेडशेल पूर्ण सरळ, कोन नसलेला जो डीजेंचा आर्म असतो तो अजिबात नको, तो स्क्रॅचिंगसाठी आहे, त्यात तिरकेपणा खूप.

जुना आर्म घेताना हाताने तपासा. काउंटरवेटने आर्म हवेत तरंगेल असा तोला, मग हेडशेलवर हलकी फुंकर मारा, तो तरंगत जाऊन हळू थांबला पाहिजे, मध्येच अडकून थांबला किंवा एकाच जागी परत परत अडला तर बेअरिंगच्या गोळ्यांनी त्यांच्या फिरायच्या कड्यात खड्डे पाडलेत. मग हेडशेल दोन बोटांत धरून अगदी अलगद वरखाली, आजूबाजूला हलवून बघा, टकटक जाणवली तर बेअरिंग सैल. आणि कुरिअरने मागवत असाल तर विकणाऱ्याला फोन करून सांगा की काउंटरवेट काढून वेगळा गुंडाळ, आर्म त्याच्या स्टँडला बांध. मुंबईहून एकाने मला काउंटरवेट लावलेलाच आर्म पाठवला होता, रस्त्यात त्या वजनाने बेअरिंगवर इतके हादरे दिले की मिळाला तेव्हा फुंकर मारली तरी दोन जागी अडायचा. पैसे परत मिळाले पण आर्म वाया गेला, आणि तसा आर्म आता परत कुठे मिळणार.

वायरिंग करताना हेडशेलच्या चार वायरींचे रंग, लाल उजवा प्लस, हिरवा उजवा मायनस, पांढरा डावा प्लस, निळा डावा मायनस. क्लिप कार्ट्रिजला लावलेली असताना सोल्डरिंग करू नका, उष्णतेने आतली नाजूक कॉइल जाते. व्हीएम ९५ ला १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स लागतो, त्यात केबल आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) दोघांचं मिळून, म्हणून आर्मपासून अॅम्प्लिफायरपर्यंतची केबल छोटी आणि कमी कपॅसिटन्सची ठेवा, स्वस्तातली दोन मीटर केबल लावलीत तर वरचे सूर कर्कश होतील. आर्मच्या नळीला अर्थची वायर जोडलीच पाहिजे, आणि जुन्या वाड्यातल्या प्लगमध्ये तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मी पंचवटीतच दोन घरांत असं बघितलंय की प्लग थ्री पिनचा आणि मागे वायर दोनच. घूं आवाज आला की लोक आर्मला दोष देतात.

तर आता असं करा, आधी बॅटरी घेऊन व्ही ब्लॉक बघा. भुगा असेल तर ब्लॉक काढून एका डबीत ठेवा, चुरासुद्धा टाकू नका, त्याच्यावरून माप काढता येतं. मी बहुधा शनिवारी सातपूरला मिलिंगवाल्याकडे जाणार आहे, त्याआधी ब्लॉकची लांबी, रुंदी, उंची व्हर्निअरने मोजून आणि फोटो पाठवलेत तर तुमचे दोन पीस माझ्या कामाबरोबर काढून घेतो. त्यावर आर्म बसला, तरंगला, फुंकरीला मोकळा झाला तर मामांचाच आर्म ठेवा, आर्मसाठीचे पैसे व्हीएम ९५ च्या दोन सुयांवर घाला. नाही जमलं तर मग खुंटीपासून जुन्या आर्मच्या केंद्रापर्यंतचं अंतर आणि पत्र्यापासून मॅटची उंची हे दोन आकडे पाठवा, टेक्निक्सचा आर्म त्या भोकात अॅडॉप्टर लावून बसतो का ते आपण कागदावर काढून बघू.